गाडी रेस घेत नाही, पण बंदही पडत नाही : इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा वारंवार येणारा दोष कसा शोधावा

चिपळूणहून कऱ्हाडकडे जाताना कुंभार्ली घाटाच्या अर्ध्यावर गाडीचा दम अचानक जातो, पाय तळाला टेकवला तरी इंजिन दोन-अडीच हजार आवर्तनांच्या वर जात नाही, मीटरवर पिवळा इंजिनाचा दिवा लागतो आणि मागचे ट्रक हॉर्न वाजवू लागतात. मालक कशीबशी गाडी कडेला घेतो, किल्ली बंद करतो, दोन मिनिटांनी पुन्हा सुरू करतो, आणि गाडी जणू काही झालेच नाही अशी घाट चढून जाते. आठ दिवसांनी पुन्हा तेच. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या पेट्रोल गाड्यांतला हा दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की मालकाने पहिले वाक्य पूर्ण करण्याआधीच मला पुढचे ठाऊक असते. तरीही प्रत्येक वेळी तपासणी मी पहिल्या पायरीपासूनच सुरू करतो, कारण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारल्यामुळे वाया गेलेले पैसे मी पुष्कळ पाहिले आहेत.

लक्षणे

वर सांगितलेले लक्षण सर्वांत ठळक आहे. त्याच्या जोडीने पुढीलपैकी एखादे दिसू शकते : सिग्नलला थांबल्यावर आयडलिंग खालीवर होणे किंवा इंजिन बंद पडणे; पेडल दाबल्यावर क्षणभर काहीच न होता मग एकदम उसळी येणे; क्रूझ कंट्रोल असल्यास ते चालू न होणे; आणि काही गाड्यांत इंजिनाच्या दिव्यासोबत पाना किंवा ‘ईपीसी’ असे चिन्ह दिसणे. दोष येतो आणि जातो, पावसाळ्यात वाढतो, आणि गॅरेजमध्ये गाडी उभी असताना हमखास दडून बसतो.

इंजिन धक्के खात असेल, मिसिंग होत असेल आणि दिवा लागत-विझत असेल, तर तो बहुधा इग्निशनचा दोष असतो आणि त्याला ही क्रमवारी लागू पडत नाही. डिझेल गाडीतही ताकद अशीच जाते, परंतु तिथे टर्बोची नळी, ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) यांच्याकडे आधी पाहावे लागते. पेडलच्या सेन्सरविषयी खाली जे लिहिले आहे तेवढे मात्र कॉमन रेल डिझेललाही लागू आहे.

गाडी असे का करते

केबलच्या गाडीत पायाखालचे पेडल आणि हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची चकती यांच्यामध्ये पोलादी तार असे. तार कोरडी पडली की पायाला जड लागे, तिचे धागे तुटू लागले की ते डोळ्यांना दिसत, आणि मालक स्वतःच निम्मे निदान घेऊन गॅरेजमध्ये येई. इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेत पेडल केवळ मागणी नोंदवते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि ते दोन वेगवेगळ्या व्होल्टेजमध्ये एकच गोष्ट सांगतात. पुष्कळ गाड्यांत दुसऱ्याचे व्होल्टेज पहिल्याच्या बरोबर निम्मे असते. ही मागणी वाचून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, थ्रॉटल बॉडीतल्या (चकती बसवलेल्या भागातल्या) छोट्या मोटरला चकती किती फिरवायची ते सांगते, आणि चकती खरोखर तेवढी फिरली की नाही हे पाहायला तिथेही दोन सेन्सर असतात. त्यातल्या एकाचे व्होल्टेज चढते तेव्हा दुसऱ्याचे सहसा उतरते.

या जोड्यांपैकी कोणत्याही जोडीतल्या दोघांचे म्हणणे जुळले नाही, तर नेमके खोटे कोण बोलत आहे हे ईसीएमला ठरवता येत नाही. तेव्हा ती चालकाच्या मागणीवरचा विश्वास काढून घेते आणि अनेक रचनांत मोटरचा पुरवठाच तोडते. मोटर सुटली की स्प्रिंग चकतीला किंचित उघड्या स्थितीत आणून ठेवतात. ही फट मुद्दाम ठेवलेली असते; तेवढ्या हवेवर इंजिन चालू राहते आणि गाडी रांगत का होईना सुरक्षित जागी पोहोचते. यालाच लिम्प मोड म्हणतात. म्हणजे ताकद गेली याचा अर्थ थ्रॉटल बॉडी निकामी झाली असा होत नाही. कोठेतरी दोन साक्षी जुळल्या नाहीत एवढाच होतो. साक्ष बिघडवणारी कारणे मात्र बहुतांशी जुन्या काळचीच असतात : पाणी, गंज, काजळी, सैल जोड आणि उंदीर.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सर्वप्रथम पायाखालची मॅट उचलून पाहावी. हे सांगितले की गिऱ्हाईक हसते, परंतु जाड रबरी मॅटवर दुसरी मॅट टाकलेली असेल, तर पेडल पूर्ण खाली जात नाही किंवा पूर्ण वर येत नाही, आणि तक्रार मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या नावावर लागते. अमेरिकेत २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून मोठे वादळ उठले होते. तिथल्या सरकारने नासाच्या अभियंत्यांकडून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची तपासणी करवून घेतली. फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर झालेल्या अहवालात, अशा धोकादायक वेगवाढीला कारणीभूत ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. अडकणारी पेडले आणि पेडलवर चढणाऱ्या मॅट ही दोन यांत्रिक कारणे तेवढी पुढे आली. मॅट काढून पेडल हाताने सावकाश दाबावे आणि सोडावे. ते कोठेही न अडकता वर आले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे दोष कधी येतो याची नोंद. पाऊस पडत होता का, इंजिन तापलेले होते का, गाडी खड्ड्यातून गेली होती का, एसी चालू होता का, हे कागदावर लिहून ठेवावे. गरम झाल्यावरच येणारा दोष सेन्सरकडे किंवा डाग दिलेल्या जोडाकडे बोट दाखवतो, खड्ड्यात येणारा दोष वायरिंगकडे, आणि पावसाच्या दुसऱ्या दिवशी येणारा दोष कपलरमध्ये, म्हणजे तारांच्या प्लगच्या जोडात, शिरलेल्या पाण्याकडे. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात-आठ जणांनी ही नोंद केलेली नसते आणि तिचे काम मग मला दोन दिवस गाडी फिरवून करावे लागते.

तिसरी तपासणी ब्रेकच्या दिव्यांची. रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबावा. पाय न ठेवताही दिवे लागलेले राहत असतील किंवा पाय ठेवल्यावर ते उशिरा लागत असतील, तर ब्रेकचा स्विच संशयित समजावा. थ्रॉटलच्या दोषात ब्रेकचा स्विच कोठून आला, असे वाटणे साहजिक आहे. अनेक गाड्यांत ब्रेक आणि रेस दोन्ही एकाच वेळी दाबल्याचे दिसले की ईसीएम ब्रेकचे ऐकते आणि रेस कमी करते. स्विच अडकलेला असेल तर तिच्या दृष्टीने चालकाचा पाय सतत ब्रेकवर असतो. हा स्विच स्वस्त असतो आणि दहा-पंधरा मिनिटांत बदलता येतो.

बॅटरी आणि अर्थिंग

येथून पुढे मल्टिमीटर लागतो, आणि काही शे रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, १२.२ व्होल्ट म्हणजे ती निम्मीच भरलेली आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू झाल्यावर ते साधारणपणे १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावे. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरचे चार्जिंग ईसीएमच कमीजास्त करते. तिथे थोडा कमी आकडा दिसला म्हणून घाबरू नये.

बॅटरीला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की किल्ली फिरवताच अनेक गाड्यांची ईसीएम थ्रॉटलची मोटर हलवून स्वतःची चाचणी घेते. नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज कोसळले की चाचणी फसते आणि दोष थ्रॉटलच्या नावावर नोंदला जातो. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुऊन, कोरडा करून टर्मिनल घट्ट आवळावे. टर्मिनल काढताना ऋण बाजू आधी सोडावी आणि लावताना शेवटी लावावी.

त्यानंतर अर्थिंग. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलेला आहे असे समजावे. कोकणच्या हवेत ही पट्टी बाहेरून चांगली दिसते आणि आवरणाच्या आत तिचा अक्षरशः चुरा झालेला असतो.

कोड वाचणे, पण पुसणे नव्हे

डॅशबोर्डखाली चालकाच्या गुडघ्याजवळ सोळा पिनांचे सॉकेट असते. तिथे ब्लूटूथचा साधा स्कॅनर लावून मोबाइलवर कोड वाचता येतात. दोषाचे कोड आणि त्यांच्यासोबत साठवलेली ‘फ्रीझ फ्रेम’, म्हणजे दोष आला त्या क्षणीचा वेग, आवर्तने आणि तापमान, हे सारे आधी लिहून घ्यावे. कोड पुसला की दिवा विझतो, मालक खूश होतो आणि तपासणाऱ्याचा एकमेव साक्षीदार नाहीसा होतो. दिवा विझवून देणे याला दुरुस्ती म्हणणारी माणसे आमच्या धंद्यात आहेत, हे कबूल केले पाहिजे.

पी २१३८ हा कोड पेडलमधल्या दोन सेन्सरांचे जमत नसल्याचे सांगतो आणि पी २१३५ थ्रॉटल बॉडीतल्या दोघांचे. पी २११२ म्हणजे चकती बंद अवस्थेत अडकली आहे, तर पी ०६३८ म्हणजे ती सांगितल्याप्रमाणे फिरत नाही. पी ०५०४ ब्रेकच्या स्विचकडे नेतो आणि पी ०५६२ कमी व्होल्टेजकडे. पी ०६४१ आला तर सेन्सरांना मिळणारा पाच व्होल्टचा पुरवठाच गडबडला आहे आणि थ्रॉटल बिचारा बळी आहे. कोडमध्ये भागाचे नाव आले म्हणजे तो भाग खराब आहे, असे समजू नये. कोड परिपथाविषयी असतो, आणि परिपथात सेन्सर, तारा, कपलर आणि ईसीएम या सर्वांचा समावेश होतो.

कपलर आणि वायरिंग : येथे घाई करू नये

माझ्या अनुभवात या दोषाचे मूळ सर्वांत जास्त वेळा येथे सापडले आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि असंख्य गाड्या बुडाल्या. त्यातल्या पुष्कळ गाड्या धुऊन, वाळवून पुन्हा रस्त्यावर आल्या, आणि पुढे कित्येक महिने त्यांच्यापैकी काही याच तक्रारीने माझ्याकडे येत राहिल्या. एका गाडीची थ्रॉटल बॉडी दुसरीकडे दोनदा बदलून झाली होती. मी पेडलचा कपलर सोडवला तेव्हा सहापैकी पाच पिना चकचकीत होत्या आणि सहावीच्या मुळाशी शेवाळासारखा हिरवा ठिपका होता. रबरी सीलच्या घडीत वाळलेल्या गाळाची नखाएवढी पापडी चिकटलेली होती. कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना साफ केल्या, ती एक पिन नवी बसवली, आणि गाडी आजतागायत त्या कारणासाठी परत आलेली नाही.

किल्ली बंद करून काही मिनिटे थांबावे आणि मगच पेडलचा व थ्रॉटल बॉडीचा कपलर सोडवावा. पिना वाकलेल्या, काळवंडलेल्या किंवा हिरवट आहेत का, हे टॉर्चच्या उजेडात पाहावे. सँडपेपरने घासू नये. पिनांवरचा पातळ मुलामा निघून जातो आणि चार महिन्यांनी तोच दोष दुप्पट जोराने परत येतो. चालकाच्या पायाखालचा गालिचा ओला लागला, तर पाणी कोठून येते ते आधी शोधावे. वायपरखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पाने कुजून निचऱ्याची वाट बुजलेली असणे, हे आमच्याकडचे नेहमीचे कारण आहे. सनरूफ असल्यास त्याच्या निचऱ्याच्या नळ्याही पाहाव्यात.

उंदरांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथे एवढेच सांगतो की उंदीर वायर नेहमी पूर्ण तोडत नाही. तो आवरण कुरतडतो, आतली तार उघडी राहते, आणि पाऊस पडला की ती शेजारच्या तारेशी बोलू लागते. इंजिन चालू ठेवून, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात लांब राखून, हार्नेस (तारांचा जुडगा) वीतभर अंतराने हलवत जावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने स्कॅनरवर सेन्सरचे आकडे पाहावेत. एखाद्या जागी हात लागताच आकडा उडी मारत असेल, तर दोष तिथेच आहे. तपासण्यासाठी तारेच्या आवरणात सुई खुपसू नये; त्या छिद्रातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते.

थ्रॉटल बॉडी साफ करणे

क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातून) येणारी तेलाची वाफ चकतीच्या कडेला चिकटून तिथे काळा राळेसारखा थर जमतो. आयडलिंगला चकती अगदी केसभर उघडलेली असते, त्यामुळे हा थर हवेचा मार्ग अडवतो आणि ईसीएमने सांगितलेली चकतीची फट आणि प्रत्यक्ष मिळणारी हवा यांत फरक पडतो. आयडलिंगची तक्रार प्रमुख असेल, तर ही सफाई बहुधा उपयोगी पडते. घाटात एकाएकी दम जात असेल, तर तिच्यावर फार आशा ठेवू नये.

हवेची नळी काढून, थ्रॉटलसाठीच्या क्लीनरने कापड ओले करून चकतीची कड पुसावी. फवारा थेट शाफ्टच्या टोकांवर मारू नये, कारण द्रव आत झिरपून सेन्सरपर्यंत जातो. किल्ली चालू असताना चकती बोटाने ढकलू नये. केबलच्या थ्रॉटलला बोटाने उघडायची आम्हा जुन्या मेकॅनिकांची सवय आहे. येथे आत प्लास्टिकचे दातेरी चाक असते, ते तुटते, आणि मोटर अचानक फिरली तर बोटही सापडते. सफाईनंतर आयडलिंग काही काळ चढे राहू शकते, कारण ईसीएमने घाणीसह जुळवून घेतलेले असते. तिला नव्याने शिकवावे लागते. त्याची पद्धत गाडीगणिक वेगळी असल्याने मॅन्युअल पाहावे किंवा स्कॅनरवरची ती सोय वापरावी.

सेन्सरांचे आकडे आणि पाच व्होल्ट

स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडून, इंजिन बंद आणि किल्ली चालू ठेवून, पेडल मोजून दहा सेकंदांत तळापर्यंत न्यावे. दोन्ही सेन्सरांचे आकडे एकमेकांच्या ठरलेल्या प्रमाणात, न अडखळता चढले पाहिजेत. एखाद्या ठिकाणी आकडा क्षणभर शून्यावर जाऊन परत आला, तर त्या जागेचा सेन्सर झिजलेला असू शकतो. मात्र कपलर आधी तपासलेला असेल, तरच हा निष्कर्ष काढावा. पेडलच्या कपलरवर सहा तारा असतात : सहसा दोन पाच व्होल्टच्या, दोन अर्थच्या आणि दोन सिग्नलच्या.

पाच व्होल्टच्या ठिकाणी तीन-साडेतीन व्होल्ट दिसले, तर पेडल विकत आणू नये. अनेक गाड्यांत हा पुरवठा इतर सेन्सरांनाही वाटून दिलेला असतो, आणि त्यांपैकी एखादा, उदाहरणार्थ एसीचा प्रेशर सेन्सर, आतून शॉर्ट झाला तर तो सर्वांचा पुरवठा खाली ओढतो. असे सेन्सर एकेक करून सोडवत जावे. ज्याचा कपलर काढताच पाच व्होल्ट परत येतील, तो दोषी.

पेडल किंवा थ्रॉटल बॉडी बदलण्याचा विचार येथे, सर्वांत शेवटी करावा. भंगारातून आणलेली थ्रॉटल बॉडी बोल्टने बसते, पण स्कॅनरने तिची नव्याने नोंद केल्याशिवाय पुष्कळदा नीट चालत नाही, आणि तिच्या झिजेचा इतिहास कोणालाच ठाऊक नसतो.

केव्हा थांबावे

पाय उचलल्यावरही इंजिनाची आवर्तने आपोआप चढत असतील, तर गाडी चालवू नये आणि स्वतः तपासूही नये; टोइंगने न्यावी. चालत्या गाडीत असे झाले, तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरावा, कारण थ्रॉटल उघडे असताना वारंवार दाबल्यास ब्रेकची व्हॅक्यूमची मदत संपते. गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, कडेला थांबवावी आणि मगच इंजिन बंद करावे. धावत्या गाडीत किल्ली काढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

इंजिनाच्या दिव्यासोबत एबीएस, स्टिअरिंग किंवा एअरबॅगचा दिवा लागला, पाणी ईसीएमपर्यंत पोहोचल्याचे दिसले, जळका वास आला, किंवा सर्व सेन्सर सोडवूनही पाच व्होल्ट परत आले नाहीत, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावे. पिवळ्या रंगाचे कपलर एअरबॅगचे असतात आणि हायब्रिडमधल्या नारिंगी तारांत जीवघेणे व्होल्टेज असते. त्यांना हात लावू नये. ईसीएम उघडणे किंवा तिचे सॉफ्टवेअर बदलणे हे घरचे काम नाही, आणि बदललेली ईसीएम इमोबिलायझरशी (किल्ली ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेशी) जुळवावी लागते. गाडी वॉरंटीत असेल, तर मॅट, बॅटरी आणि कोड वाचणे यांच्यापुढे जाऊच नये.

कारागिराकडे जाताना लिहून ठेवलेले कोड, फ्रीझ फ्रेम आणि दोष केव्हा येतो त्याची नोंद सोबत न्यावी, आणि कोणता भाग बदलावा असे न सांगता फक्त काय घडते तेवढे सांगावे. दुरुस्ती झाल्यावर माणसे बसवून, एसी लावून, ज्या चढावर दोष आला होता त्याच चढावर गाडी नेऊन पाहावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना कोड पुन्हा एकदा वाचावेत.